करारराव

घरभाड्याचे करारराव भेटतात कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याच्या टेबलावर. आयुष्य अकरा महिन्यांचं. भाडेपट्टा वर्षाच्या वर गेला की नोंदणी आलीच, हे १९०८च्या नोंदणी कायद्यात वाचून त्यांच्या वाडवडिलांनी आधीच आटोपतं घ्यायची चाल पाडली. महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती पळवाट बुजवली. अकरा महिन्यांनाही नोंदणी लागते म्हणाला. चाल मात्र सुटली नाही.

रुबाब दांडगा. पत्र्याच्या दोन खोल्यांना ते ‘सदर मिळकत’ म्हणतात. आपण ‘लिहून घेणार’, घरमालक ‘लिहून देणार’. बाकी गल्लीत मालक साधे काकाच.

नोटरीचा शिक्का छातीवर मिरवतात. पण फोटो-अंगठ्यासह नोंदणी झालेला भाऊबंद समोर आला की नजर चुकवतात. कारण त्यांना कायदा पाठ आहे. नोंदणी करून घेणं मालकाचं काम. टाळलं तर पाच हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय अटींवरून वाद झालाच, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात.

स्मरणशक्ती सोयीची. डिपॉझिट, भाड्याची तारीख, वाढीचे टक्के तोंडपाठ. इकडे जालन्यात भांडण होतं ते मात्र पाण्यावरून. नळ कित्येक दिवसांनी येतो, तोही भलत्या वेळी.

“काकू, मोटार लावता का?”

“परवाच तर टाकी भरली होती!”

टाकी कुणी भरायची, टँकरचे पैसे कुणी द्यायचे? करारराव ढिम्म. त्यांच्या कानावर कुणी घातलंच नव्हतं.

योग्य कारणाशिवाय मालकानं भाडेकरूचं पाणी-वीज तोडू नये, भाडं घेतलं की पावती द्यावी, हे कायदा सांगतो. करारराव स्वतःहून त्यातला चकार शब्द काढत नाहीत. दुरुस्तीबद्दलही गप्पच. म्हणून छत गळलं की तारखेसह फोटो काकांच्या व्हॉट्सॲपवर टाकावा. तोंडी “बघतो” याची आठवण पावसाळ्याबरोबर ओसरते.

दहाव्या महिन्यात करारराव खडबडून जागे होतात. काका चहाला बोलावतात, “आता नवीन करू” म्हणतात. करारराव पुन्हा जन्म घेतात, वाढीव भाड्यासह. टाकीचा विषय तेव्हाच काढा, चहा गरम असताना. सही झाली की करारराव ठार बहिरे.