पेन्सिल सेल

दिवाळीच्या साफसफाईत आईने माळ्यावरून एक प्लॅस्टिकची पिशवी खाली टाकली. "तुझी आहे ती. ठेवायची तर तुझ्या खोलीत ठेव, नाहीतर भंगारवाल्याला दे." पिशवीत अकरावीचं ओळखपत्र, काडी तुटलेला चष्मा आणि माझी ब्रिक गेम. राखाडी अंग, पिवळी बटणं, वर '९९९९ इन १' असं छापलेलं. मागचं झाकण उघडलं तर दोन्ही पेन्सिल सेल कधीचे पाझरलेले आणि त्यांचा पांढरट-हिरवा थर स्प्रिंगवर चढलेला. पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन अर्धा तास घासत बसलो. नवे सेल टाकले. काही नाही. मग एक सेल बोटाने जरा दाबून धरला आणि ती किरकिरी धून वाजली. पंचवीस वर्षांपूर्वी ती वाजली की आमच्या घरात कुणी ना कुणी ओरडायचंच. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आवाज बंद कर रे!"

'९९९९ इन १' ही शुद्ध थाप होती. खेळ जेमतेम आठ-दहा: ठोकळे रचायचे, गाडी वाचवायची, रणगाडा, साप. बाकीचे आकडे म्हणजे तोच खेळ जरा वेगात किंवा जरा उलटा. ठोकळ्यांचा खेळ मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोव्हने १९८४ मध्ये केला आणि त्याचं नाव टेट्रिस, हे मला कॉलेजात कळलं. आमच्या गल्लीतली टीव्हीला जोडायची व्हिडिओ गेमही निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल, आणि तिच्या पिवळ्या कॅसेटही नकलीच. माझ्या पिढीचं गेमप्रेम चोरीच्या मालावर पोसलेलं आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी किमती आणि मालकी यांवर जरा तावातावाने बोलणार आहे.

त्या वर्षांत भारनियमनावर घड्याळ लावावं अशी परिस्थिती होती. शेजारच्या काकूंकडे टीव्हीवर कॉन्ट्रा ऐन रंगात आलेला, बॉस समोर उभा, आणि लाइट जायची. बॉस, बंदूक, उरलेल्या लाइफ, सगळं एका झटक्यात गडप. सेव्ह वगैरे भानगड आमच्या कॅसेटींमध्ये नव्हतीच. मग आठ-नऊ पोरं जिन्यात येऊन बसायची आणि ब्रिक गेमचं राज्य सुरू व्हायचं. तिच्या पडद्यामागे दिवा नसतो. मेणबत्ती कुठल्या बाजूला ठेवायची आणि गेम किती तिरकी धरायची याचं एक शास्त्र होतं. फार जवळ नेली की मेण पडायचं. माझ्या गेमच्या डाव्या कोपऱ्यावर तो थेंब अजून आहे. नियम एकच, आऊट झालास की पुढच्याच्या हातात द्यायची. आऊट व्हायला फार वेळ लागत नसे, म्हणून भांडणंही फार होत नसत.

दोन सेलवर महिना निघणारी ही चीज ज्या डोक्यातून सुरू झालेल्या परंपरेतली, तो माणूस गुन्पेई योकोई. क्योटोची निन्टेंडो कंपनी १८८९ पासून पत्ते बनवायची. योकोई तिथे १९६५ मध्ये लागला तो पत्त्यांच्या मशीनची देखभाल करायला. एकदा बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅलक्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्याला दिसला आणि त्यातून १९८० ची 'गेम अँड वॉच' निघाली, असं सांगतात. पडदा कॅलक्युलेटरच्याच जातीचा. नव्या, महागड्या तंत्राच्या मागे लागायचं नाही. जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, सगळ्या खोडी कळून चुकलेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग करायचा, हे त्याचं सूत्र. आपल्या घरात फोडणीची पोळी करणाऱ्या बाईला हे सूत्र समजावून सांगावं लागणार नाही.

त्याचा गेमबॉय १९८९ मध्ये आला तेव्हा त्याचा पडदा हिरवट आणि मचूळ होता. त्याच सुमारास अटारीची लिंक्स आणि मग सेगाची गेम गिअर आली. दोन्ही रंगीत, दोन्हींच्या पडद्याला दिवा. पण गेम गिअर सहा सेल तीन ते पाच तासांत फस्त करायची, आणि गेमबॉय चार सेलवर दहा-पंधरा तास चालायचा. पुढच्या रंगीत आवृत्तीसह गेमबॉय जवळपास १२ कोटी खपला. योकोईने १९९६ मध्ये निन्टेंडो सोडली आणि १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. जाण्याआधी दुसऱ्या कंपनीसाठी त्याने आखून ठेवलेला वंडरस्वान १९९९ मध्ये आला. तो एका पेन्सिल सेलवर चालायचा. एका! मला हे वाचून गहिवरून आलं होतं, आणि बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बरं.

आता माझी गेम खेळायची जागा सांगतो, म्हणजे माझी मतं कुठून येतात ते कळेल. मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. पहिल्या पाळीची कंपनीची बस सकाळी सहाच्या सुमारास क्रांती चौकात येते. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, शेजारून उड्डाणपूल, चहाच्या टपरीवर स्टोव्हचा आवाज. बस दहा मिनिटं उशिरा येणार हे ठरलेलं. मग बाबा पेट्रोल पंप, नगर नाका, छोटं पंढरपूर, असं करत पाऊण तास. जाऊन-येऊन दीड तास झाला. संध्याकाळी चौकात मोर्चा असला तर दोन. या शहरातला कुठलाही मोर्चा बहुतेक इथूनच निघतो. मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चाही ९ ऑगस्ट २०१६ ला इथूनच निघाला होता. त्या दिवशी मात्र खिशातली गेम बाहेर काढावीशी वाटली नाही. एवढी माणसं आणि एवढी शांतता पुन्हा बघायला मिळणार नव्हती.

तर माझी कसोटी ही अशी: खिशात किंवा डब्याच्या पिशवीत मावते का, बस आली की एका बटणात झोपते का, आणि परतीपर्यंत टिकते का. माझ्याकडे निन्टेंडोची स्विच लाइट आहे, मामेभावाने दुबईहून आणलेली. वजन पाव किलोच्या थोडं वर. निन्टेंडो आपल्या देशात स्विच अधिकृतपणे विकतच नाही. जे मिळतं ते असंच कुणाच्या तरी बॅगेतून किंवा आयात करणाऱ्या दुकानदाराकडून.

क्रांती चौकातला चौथऱ्यासह ५२ फुटी नवा पुतळा उभा राहिला तो २०२२ चा फेब्रुवारी. त्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत व्हॉल्व्हची स्टीम डेक आली आणि हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरांचं युग सुरू झालं. डेकचं वजन ६६९ ग्रॅम. मग आसुसची रॉग ॲलाय २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आली, पाठोपाठ लिनोवो, एमएसआय. जालना रोडवरच्या एका दुकानात यांच्यातलाच एक, नाव घेत नाही, मी हातात धरून पाहिला. चित्र असं की डोळे दिपावेत. पाच मिनिटांत पंखा घोंघावायला लागला, तळवे गरम झाले, आणि मग त्याने मला अपडेट करू का म्हणून विचारलं. दुकानातल्या पोराने घाईने चार्जर लावला. जड गेम लावली तर असल्या मशीनची बॅटरी दोन तासांच्या आत मान टाकते. म्हणजे ही गेम गिअरच, फक्त सत्तर हजारांची. घरी सोफ्यावर प्लगशेजारी बसून खेळायचं असेल तर जरूर घ्या. माझ्या बसमध्ये प्लग नाही.

५ जून २०२५ ला आलेल्या स्विच २ बद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. मामेभाऊ सुट्टीवर आला तेव्हा दोन दिवस ती आमच्या घरी होती. मारिओ कार्ट चौघांनी मिळून खेळताना आई हसून हसून खुर्चीत मागे रेलली, आणि तसं ती टीव्हीवरच्या मालिकांना कधी हसत नाही. यंत्र सुबक आहे, यात वाद नाही. पण अमेरिकेत त्या एका गेमची किंमत ८० डॉलर, म्हणजे आपले सातेक हजार. त्याहून मला खटकते ती 'गेम-की कार्ड' नावाची युक्ती. बाहेरच्या कंपन्यांच्या कितीतरी गेम या कार्डावर येतात, आणि त्या कार्डात गेम नसतेच. असते फक्त किल्ली. कार्ड घालायचं, गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायची आणि खेळताना कार्ड आतच ठेवायचं. कार्ड मित्राला देता येतं, विकताही येतं, हे मान्य. पण उतरवून देणारं दुकानच बंद झालं तर? निन्टेंडोने आपल्या जुन्या थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये नव्या खरेदीसाठी बंद केलंच की. घेतलेल्या गेम अजून उतरवता येतात, पण ते किती दिवस हे ठरवणारे आपण नाही. आमच्या पिवळ्या कॅसेटी चोरीच्या असतील, पण त्यात गेम असायची. फुंकर मारली की चालायची.

गेमांचं म्हणाल तर मोठ्या गेमांची वाट बघणं मी सोडलं आहे. जीटीए ६ ची तारीख दोनदा पुढे गेली, मला फरक पडला नाही. सिल्कसाँग सप्टेंबर २०२५ मध्ये आली, ती ऑस्ट्रेलियातल्या तीन-चार माणसांनी सात वर्षं खपून केलेली. फार देखणी, आणि फार दुष्ट. तिच्यात टिपून उडी मारायची असते आणि आमचा ड्रायव्हर नेमका तेव्हा खड्डा साधतो. ती मी रविवारवर ठेवली. बसमध्ये खेळतो बलात्रो. कॅनडातल्या एका माणसाने, स्वतःचं खरं नाव पुढे न करता, एकट्याने केलेली ही पत्त्यांची गेम २०२४ मध्ये आली. पोकरचे हात लावायचे आणि विदूषकाची पानं गोळा करून हिशोब फुगवायचा. खरे पैसे कुठेच लावायचे नसतात. तरी युरोपात तिला आधी १८ वर्षांवरचं लेबल लावलं, मग चूक उमगून १२ वर आणलं. गंमत म्हणजे आमच्या बसच्या मागच्या सीटवर रोज मेंढीकोट चालतो. पत्त्यांच्या कंपनीने केलेल्या यंत्रावर मी पुढच्या सीटवर एकटाच पत्ते खेळतो.

एकटाच, हे मात्र खरं आहे. बाकी सगळे मोबाइलवर. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा झाला तोवर आमच्या बसमधले निम्मे लोक टीम लावण्यात गुंतलेले असायचे, आणि एकाने तर सोसायटीचं कर्ज त्यात घातलं होतं. कायद्याचं मी स्वागतच केलं. पण मोबाइलवरची पैसे न लावायची गेमही मला फारशी आवडत नाही, कारण ती तुम्हाला हरवत नाही. उद्या या, बक्षीस आहे, म्हणते. ठोकळ्यांचा खेळ तुम्हाला हरवतो आणि सोडून देतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची 'राजी' मी आवर्जून विकत घेतली. भावाला शोधत निघालेली मुलगी, हातात त्रिशूळ, राजस्थानी वाडे, छायाबाहुल्यांमधून सांगितलेली गोष्ट. ऑगस्ट २०२० मध्ये ती जगात सर्वांत आधी आली ती स्विचवर, म्हणजे आपल्या पोरांनी केलेली गेम आपल्याकडे न विकल्या जाणाऱ्या यंत्रावर. लढाई अधूनमधून अडखळते, पण मी ती दोनदा संपवली. पुराणांपलीकडे कुणी जाईल का, असं मात्र वाटतं. उदाहरणार्थ, आमच्या क्रांती चौकाला हे नाव पडलं ते १८५७ मुळे. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातल्या शिपायांनी दख्खनबाहेर लढायला जायला नकार दिला, उठाव झाला, आणि कितीतरी जणांना इथल्या काळ्या चबुतऱ्यापाशी मारलं. 'नाही' म्हणायचं बटण असलेली गेम मी अजून खेळलेलो नाही. हा माझा जुना हट्ट, ऐकणारं कुणी नाही.

दिवाळीनंतर ब्रिक गेम डब्याच्या पिशवीत टाकून नेली. सेलमागे कागदाची घडी सारली की बोटाने दाबावं लागत नाही. शेजारी बसणारे मशीन शॉपचे काका, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, मान वळवून म्हणाले, "काय हाये हे? कॅलक्युलेटर का?" मी म्हटलं, धरा. ते सव्वाशे गुणांवर आऊट झाले. त्यांनी ती मागे वळून पुढच्याला दिली. नगर नाक्यापर्यंत ती मेंढीकोटवाल्यांकडे पोचली होती आणि मागून "ए, आवाज बंद कर" ऐकू येत होतं. वाळूजला उतरताना मला ती परत मागून घ्यावी लागली.

तुमच्याही माळ्यावर असली एखादी गेम असेल, खेळा अगर खेळू नका, पण आज तिच्यातले सेल काढून ठेवा. ते पाझरतात आणि स्प्रिंग खातात.