हनुवटीखालचा पट्टा

माणसाच्या अंगावर चढणाऱ्या वस्तूंत हेल्मेटइतकी दुर्दैवी वस्तू दुसरी नसेल. टोपीला मान असे, पागोट्याला इभ्रत असे. पागोटे दुसऱ्याच्या पायावर ठेवले तर अडलेली लग्ने जुळत आणि कुणी ते उडवले तर दोन घराण्यांची वैरे सुरू होत. हेल्मेटच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. जन्म डोक्यासाठी; पण आमच्या कोल्हापुरात ते बहुधा कोपरात लटकते, आरशावर डुलते, नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर ऐटीत बसून प्रवास करते. मंडईत गेल्यावर त्यात अर्धा किलो वांगी सुखाने मावतात. पुण्यात तर २०१९ साली त्याच्या सक्तीविरुद्ध मोर्चा निघाला. जी वस्तू आपले डोके वाचवणार, तिच्याविरुद्धच माणसाने डोके चालवावे, ही मौज फक्त मनुष्यप्राण्यालाच सुचू शकते.

ही उपेक्षित वस्तू तिच्या योग्य जागी मानाने बसलेली पाहण्याचा योग मला चव्वेचाळिसाव्या वर्षी आला. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. वेगाशी माझा संबंध म्हणजे सुट्टीची घंटा झाल्यावर वर्गाबाहेर पडणाऱ्या मुलांच्या वाटेतून बाजूला होणे, एवढाच. पण माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा फौंड्रीत नोकरीला लागला, हातात चार पैसे खेळू लागले आणि त्याला कार्टिंगचा नाद लागला. ताई घाबरली. "तू मामा ना त्याचा? जा बरोबर. तुझं ऐकतो तो," असे म्हणून तिने मला राखणदार म्हणून धाडले. राखणदारच पुढे त्या बागेत रमला, हे मी तिला बरेच दिवस सांगितले नव्हते.

कार्ट म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना सांगतो. लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा, चार लहान चाके, बाजूला एक इंजिन आणि मधोमध एक खुर्ची. छप्पर नाही, दारे नाहीत, शॉकअप नाहीत. रस्त्यावरचा खडा थेट मणक्याला भेटतो. मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवलेली. मोटारीत वळणावर आतले चाक हळू आणि बाहेरचे चाक जलद फिरावे म्हणून डिफरन्शियल असते. इथे तेही नाही. म्हणून वळणावर आतले मागचे चाक जमिनीवरून किंचित उचलले गेले पाहिजे, नाहीतर गाडी वळायला कुरकुरते. सांगाडाच लवतो, पिळतो आणि ते काम करतो. चालवणारा बसतो जमिनीपासून चार बोटे उंचीवर. त्यामुळे ताशी ५० किलोमीटरचा वेग त्याला शंभराचा वाटतो. पहिल्या दिवशी एक बारा वर्षांची मुलगी मला दोनदा ओलांडून गेली, तरी मला आपण वाऱ्याशी स्पर्धा करतो आहोत असे वाटत होते. चाळिशीनंतर इतका स्वस्त पराक्रम दुसरीकडे कुठे मिळायचा?

हा खेळ जन्मला तोही असाच हौसेतून. १९५६ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाचा एक कारागीर होता. शर्यतीच्या मोठ्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यात तो कामाला होता. त्याने आपल्या एका मित्राच्या मदतीने नळ्या जोडल्या, गवत कापण्याच्या यंत्राचे म्हणून बनवलेले एक शिलकी इंजिन त्यावर बसवले आणि आपले थोराड शरीर त्या खेळण्यात कोंबून मोकळ्या जागेत फेऱ्या मारायला सुरुवात केली. लोक हसले असतील. पण हसणाऱ्यांनीच पुढे तसल्या गाड्या बांधल्या. १९६४ साली रोममध्ये या खेळाची पहिली जागतिक स्पर्धाही झाली.

आमची मंडळी मात्र जागतिक नव्हेत. महिन्यातून दोन रविवारी शहराबाहेरच्या ट्रॅकवर जमणारी ही दहा-बारा माणसे. एक बँकेतले कॅशियर, एक दातांचे डॉक्टर, उद्यमनगरातला एक मेस्त्री, कॉलेजातली दोन पोरे, एका शेतकऱ्याची लेक आणि मी. काहींच्या स्वतःच्या गाड्या. त्या जुन्या, हातोहात फिरलेल्या. बाकीचे भाड्याच्या गाड्यांवर भागवतात. शर्यत संपली की गावात येऊन मिसळ. तिथे कट वाढणाऱ्या पोराला सगळ्यांच्या वेळा पाठ आहेत. कॅशियरसाहेब एका सेकंदाच्या दहाव्या भागासाठी माझ्या भाच्याशी तावातावाने भांडतात. नोटा मोजताना एवढी काळजी घेत असतील, तर त्यांच्या बँकेला चिंता नाही.

पण मला सांगायचे आहे ते शर्यतीपूर्वीच्या पाव तासाबद्दल. त्या पाव तासात ही माणसे अंगावर जे काही चढवतात, ते पाहून मला लढाईला निघालेल्या मावळ्यांची चित्रे आठवली. जाड कापडाचा अंगभर पोशाख. घोट्याच्या वर येणारे बूट. हातमोजे. मानेभोवती जाड गोल पट्टा. छातीभोवती बरगड्यांचे कवच, कारण वळणावर खुर्चीची कड बरगडीला असे काही ढुसे देते की चार दिवस शिंकही जपून द्यावी लागते. डोक्यावर आधी घट्ट कापडी टोपी आणि तिच्यावर हेल्मेट. केस असतील तर ते टोपीच्या आत. बाहेर एक बटही नको. मागचा दांडा उघडा फिरत असतो आणि त्याला बट, ओढणी, मफलर यांत फरक कळत नाही. प्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरी मोटारीत बसून निघाली, तिचा लांब रेशमी रुमाल चाकात गुंतला आणि ती जागच्या जागी गेली. ती गोष्ट मी शेतकऱ्याच्या लेकीला एकदा सांगितली. तेव्हापासून ती वेणी खोचताना माझ्याकडे पाहून हसते.

आता तुम्ही विचाराल, की एवढे सगळे आणि कमरेला पट्टा? भाड्याच्या गाडीला असतो. शर्यतीच्या कार्टला मात्र नसतो, आणि तो विसरलेला नसतो, मुद्दाम ठेवलेला नसतो. डोक्यावर पोलादी कमान नसलेली गाडी उलटली, तर तिला बांधलेला माणूस तिच्याखाली चिरडेल. त्यापेक्षा तो बाहेर फेकला गेलेला बरा. म्हणजे फेकले जाणे हे इथे गृहीतच धरलेले आहे. म्हणून तर अंगावर एवढा थाट.

आणि या थाटातली शेवटची गाठ ज्याची त्याने तपासायची नसते. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन कड्यांतून ओवून परत एका कडीतून मागे घ्यायचा असतो. हातात मोजे, मान पट्ट्यात अडकलेली. आपली गाठ आपल्याला दिसत नाही. म्हणून गाडीत बसण्यापूर्वी प्रत्येकजण शेजारच्यासमोर हनुवटी वर करून उभा राहतो. शेजारचा पट्टा ओढून पाहतो, हेल्मेट दोन्ही हातांनी हलवून पाहतो आणि खांद्यावर थाप मारतो. हा शेजारचा म्हणजे बहुधा ज्याला हरवायचे तोच असतो. मला आमचे खासबाग मैदान आठवले. तिथेही जोडी लागण्यापूर्वी पैलवान हातसलामी देतो, समोरच्याच्या अंगाला तांबडी माती लावतो आणि मग त्यालाच आस्मान दाखवायला झेपावतो. वैर आणि माया एकाच हाताने करता येतात, हे आखाड्याला पूर्वीपासून ठाऊक आहे.

एकदा मेस्त्रीने मला हेल्मेटच्या आतला कापडी अस्तर उचलून दाखवला. खाली एक लहानसा कागदी शिक्का होता. त्यावर 'स्नेल' असे नाव आणि कार्टिंगसाठीचे 'के' हे अक्षर. मला वाटले, कारखानदाराचे नाव असेल. ते एका मेलेल्या माणसाचे नाव निघाले. पीट स्नेल हा कॅलिफोर्नियातला हौशी मोटार-शर्यतवाला. इंगल्सने पहिली कार्ट जोडली त्याच १९५६ साली, त्याच प्रांतात, एका शर्यतीत त्याची गाडी उलटली आणि डोक्याला मार बसून तो गेला. त्याने हेल्मेट घातले नव्हते असे नाही. त्या काळी उत्तम समजले जाणारे हेल्मेट त्याच्या डोक्यावर होते. ते उपयोगी पडले नाही. त्याचे मित्र, त्याच्याबरोबर गाड्या पळवणारे लोक, काही डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र आले. त्यांनी १९५७ साली त्याच्या नावाने एक संस्था काढली. नफ्यासाठी नव्हे, हेल्मेटे आपटून, ठोकून, फोडून पाहायची आणि टिकेल त्यालाच शिक्का द्यायचा, एवढ्यासाठी. मित्र गेला की लोक सभा घेतात, तसबीर लावतात. या लोकांनी पुढच्या कुणाच्या तरी हनुवटीखालचा पट्टा ओढून पाहिला. तो हात आज इतक्या वर्षांनी कोल्हापुरापर्यंत पोचला आहे.

तो पोचला नसता तर काय झाले असते, याचा विचार मी एका पौषातल्या रविवारपासून टाळत आलो आहे. दहा फेऱ्यांची शर्यत होती. शेवटच्या फेरीला कॅशियरसाहेब पुढे आणि माझा भाचा त्यांच्या अगदी पाठीशी. कार्टची चाके उघडी असतात. एकाचे पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला लागले की ते त्यावर चढू पाहते. वळणावर तेच झाले. दोष कुणाचाच नव्हता. पण साहेबांची गाडी हवेत तिरपी झाली आणि ते बाहेर फेकले गेले. डोके कडेच्या सिमेंटवर आपटल्याचा आवाज मी कठड्यापाशी ऐकला.

सगळ्या गाड्या थांबल्या. कुणीतरी हेल्मेट काढायला धावले, तोच आमचे दातांचे डॉक्टर ओरडले, "हात लावू नका! मान हलता कामा नये!" दातांचे असले तरी ते डॉक्टरच. गुडघ्यांवर बसून त्यांनी ते डोके दोन्ही हातांत स्थिर धरून ठेवले. अर्धा मिनिट काही हालचाल नव्हती. मग आतून क्षीण आवाज आला, "पहिला कोण आला?" आम्ही सगळे हसलो, आणि शेतकऱ्याच्या लेकीला मात्र हसता हसता रडू कोसळले.

हासळीचे हाड मोडले होते. डोक्याला खरचटलेसुद्धा नव्हते. हेल्मेटला कानशिलापासून मागेपर्यंत चीर गेली होती आणि आतला थर्मोकोल एका जागी चेपला होता. "याचं काम झालं," मेस्त्री म्हणाला, "चेपलेला थर्मोकोल फुगत नाही. एकदा मार खाल्लेलं हेल्मेट परत डोक्यावर नाही चढवायचं."

इस्पितळाच्या बाकावर माझा भाचा सकाळपासून उपाशी बसला होता. कुणाशी बोलेना. दुपारी साहेबांच्या पत्नी डबा घेऊन आल्या. नवऱ्याला पाहून बाहेर आल्या आणि शांतपणे विचारले, "सकाळी यांचा पट्टा कुणी बघितला होता?"

मला वाटले, आता बोल लावायला माणूस हवा आहे. भाचा उभा राहिला. "मी, काकू. एकाच कडीतून ओवला होता त्यांनी. मी सोडून परत बांधला."

त्या थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी डबा उघडला. "मग आधी तू खा," त्या म्हणाल्या.

मी कादंबरीकार आहे. असल्या प्रसंगी तोंडी घालायला मी पानेच्या पाने संवाद लिहिले आहेत. त्या चार शब्दांपुढे त्यांतले एकही पान टिकत नाही.

हेल्मेट म्हणजे काही ताईत नव्हे, हे मला माहीत आहे. ब्राझीलचा आयर्टन सेना हा जगातला एक मोठा मोटार-शर्यतवाला. त्याचा १ मे १९९४ रोजी इटलीतल्या इमोला येथे शर्यतीतच अंत झाला आणि डोक्यावर हेल्मेट होतेच. पण त्याची आदल्या वर्षीची एक आठवण या खेळातले लोक सांगतात. ऑस्ट्रेलियात कुणीतरी त्याला विचारले, की ज्याच्याशी झुंजण्यात सर्वांत समाधान लाभले असा प्रतिस्पर्धी कोण? मोठमोठ्या नावांची अपेक्षा होती. त्याने नाव घेतले टेरी फुलर्टनचे. कार्टच्या दिवसांतल्या, बाहेर फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या एका इंग्रज जोडीदाराचे. तेव्हा पैसा नव्हता, राजकारण नव्हते, निव्वळ शर्यत होती, अशा अर्थाचे तो बोलला. तीनदा जगज्जेता झालेल्या माणसाला सगळे मिळवून झाल्यावर आठवला तो आरंभीचा सोबती. आमच्या मिसळीच्या टेबलावर हे ऐकून कॅशियरसाहेब म्हणाले, "म्हणजे आपण शिखरावरच बसलोय की!" हाड सांधल्यावर ते परत आले होते. नव्या हेल्मेटसकट.

दिवाळीत अंगणात फुलबाज्या पेटल्या की घरातून कुणीतरी हटकून ओरडते: "ओढणी खोच! पायात चप्पल घाल! तोंड मागं घे!" लहानपणी या आवाजाचा मला भारी राग येई. आता वाटते, आपला पदर आपल्याला दिसत नाही, तो त्या आवाजाला दिसत असतो.

ताई अजून ट्रॅकवर आलेली नाही, येणारही नाही म्हणते. पण परवा तिने आपल्या लग्नातल्या विरलेल्या शालूची एक पिशवी शिवली, आतून मऊ फडके लावून. जरीचे काठ तेवढे अजून शाबूत आहेत. भाच्याचे हेल्मेट आता तिच्यातून जाते-येते, आणि घरी आल्यावर देवघराच्या फळीवर बसते. वांगी ठेवायची कुणाची छाती नाही.