तीन टिकल्यांचा बॉक्स

माझ्या जिप्सीचा जुना स्टिअरिंग बॉक्स कुठं गेला, हे मला अजून कळलेलं नाही. बिल आहे, नवा बॉक्स गाडीत आहे, जुना नाही.

गाडी १९९९ ची जिप्सी किंग. १२९८ सीसी, कार्ब्युरेटरवाली. बाबांनी घेतली, पुढं माझ्याकडे आली. चारही चाकांना पाटे, पॉवर स्टिअरिंग नाही, उन्हाळ्यात इंजिनाची धग पोटऱ्यांना. २०१९ साली सर्वसामान्य गिऱ्हाइकांना जिप्सी मिळणं बंद झालं, तेव्हापासून सिग्नलला शेजारचा माणूस काच खाली करून विचारतो, "देणार का?" २०२४ ला पाच हजार भरून पुढच्या पाच वर्षांची फेरनोंदणी केली. म्हणजे देणार नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये साताऱ्याकडे निघालो होतो. आई शेजारी. सारोळ्याला नीरेच्या पुलावर वेग साठ-पासष्ट असेल. पुलाच्या जोडावर पुढचं चाक आदळलं आणि स्टिअरिंग हातात थैमान घालायला लागलं. थरथर वेगळी, हे वेगळं. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी फडफडतात, आपण नुसतं धरून बसायचं. वेग वीसवर आला तेव्हा कुठं थांबलं. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ह्यांच्या वेळी असं होत नव्हतं."

पुण्यात एका चकचकीत गॅरेजात गाडी दिली. आधी बॅलन्सिंग, अलाइनमेंट. चार दिवस बरं. मग पुढचे दोन टायर. आठवडाभर बरं. मग स्टिअरिंगला डॅम्पर. पंधरा दिवस बरं. शेवटी सांगितलं, बॉक्समध्ये प्ले आहे, बदलावा लागेल. मी हो म्हणालो. चार फेऱ्यांचे मिळून अडतीस हजार चारशे. नव्या बॉक्सनं पहिल्याच रविवारी खेड-शिवापूरच्या अलीकडं तोच नाच केला.

एका मित्राच्या सांगण्यावरून कापूरहोळच्या पुढं एका मिस्त्रींकडं गेलो. पत्र्याची शेड, बाहेर दोन ट्रॅक्टर. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढून जॅक लावून कुणी बघितलं का?"

चार फेऱ्यांत कुणी लावलेला नव्हता. निदान माझ्यासमोर तरी नाही.

चाक जमिनीपासून चार बोटं उचललं. एक हात चाकाच्या वर, एक खाली, आणि मिस्त्रींनी चाक आत-बाहेर ढकललं. टक्‌ टक्‌. मग पोराला ओरडले, "ब्रेक दाब." पोरानं ब्रेक दाबून धरला, त्यांनी पुन्हा हलवलं. टक्‌ टक्‌. "ब्रेक दाबल्यावर आवाज गेला असता तर व्हील बेअरिंग. गेला नाही. म्हणजे किंगपिन." दोन मिनिटं लागली असतील. मला त्या दोन मिनिटांचा फार राग आला.

नकल, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा, उघडली तर आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं. पाणी शिरलेलं. सील फाटलं होतं, बेअरिंगच्या रोलरांनी वाटीत खड्डे पाडले होते. दोन्ही बाजूंची मिळून चार बेअरिंगं बदलली. पुढचं काम मात्र बघण्यासारखं होतं. किंगपिनखाली कागदासारखे पातळ शिम असतात. एखादा काढला की बेअरिंग आवळतं, घातला की सैल होतं. किती आवळायचं हे ठरवायला मिस्त्रींनी रद्दीवाल्याकडं असतो तसला हुकाचा काटा आणला, टाय रॉडच्या भोकात अडकवला आणि सावकाश ओढला. नकल हलायला लागते त्या क्षणी काटा किती दाखवतो ते बघायचं. पहिल्यांदा अर्धा किलोसुद्धा नाही. एक शिम काढला, पुन्हा ओढलं. दीड किलोच्या आसपास आल्यावर म्हणाले, "आता राहू दे." सामान आणि मजुरी मिळून चार हजार सहाशे. त्यानंतर गाडीनं नाच केलेला नाही.

इथं एक कबूल करायला हवं. त्या नकलवर दोन वर्षं तेलकट ओल दिसत होती. मी धुताना फडक्यानं पुसायचो. त्याच अवस्थेत दोन पावसाळे ताम्हिणीकडचे ओढे पार केले, फोटो काढले. पाणी गॅरेजवाल्यांनी घातलं नाही, मी घातलं. डॅम्परही अजून काढलेला नाही. खराब रस्त्यावर चांगला वाटतो. टायर तसेही गुळगुळीत झाले होते. म्हणजे अडतीस हजारांतले बरेचसे मी मनातून माफ केले आहेत. बॉक्स मात्र नाही.

जुना बॉक्स चांगला होता, हे आता उघडच आहे. तो मागायला तीन वेळा गेलो. पहिल्या वेळी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, जुने पार्ट स्क्रॅपला जातात." दुसऱ्या वेळी मॅनेजर म्हणाले, जॉब कार्डवर 'जुने पार्ट परत हवेत' असं लिहिलेलं नाही. खरं होतं, मी लिहिलं नव्हतं. तिसऱ्या वेळी त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "अहो, नवा टाकलाय ना तुम्हाला?" नवा आहे, पण वळणानंतर सुकाणू आपणहून सरळ यायला कां-कू करतं. जुना पंचवीस वर्षांचा असून लोण्यासारखा फिरायचा.

बाबा गाडीच्या प्रत्येक सुट्या होणाऱ्या भागावर सेंटर पंचनं तीन टिकल्या ठोकून ठेवायचे, त्रिकोणात. कार्ब्युरेटरवर, डायनॅमोवर, जॅकवरसुद्धा. "गॅरेजात अदलाबदल होते," म्हणायचे. मी हसायचो. लोकांवर एवढाही विश्वास नसावा का, असं एकदा तोंडावर बोललोही होतो.

आता बुधवारी जमलं नाही तर रविवारी जुन्या बाजारात चक्कर असते. लष्कराच्या भंगारातून आलेले जिप्सीचे बॉक्स तिथं कधीमधी दिसतात. उलटे करून, माती पुसून बघतो. विकणारे ओळखायला लागलेत.

गाडी कुठंही द्या, जॉब कार्डवर 'जुने सुटे भाग परत हवेत' एवढं सही करण्याआधी स्वतःच्या हातानं लिहा. आणि जिप्सीचा एखादा बॉक्स हाताला लागला, त्याच्या झाकणाच्या कडेला त्रिकोणात तीन टिकल्या असल्या, तर तो माझा आहे. पैसे देऊन घेईन.