क्योतोचा किमोनो, मालेगावचा माग

जपानमधील क्योतो शहरात कियोमिझु मंदिराकडे जाणारी एक चढाची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना लाकडी दुकाने आणि मधून पाहुण्यांचा लोंढा. त्या लोंढ्यात रंगीबेरंगी किमोनो घातलेल्या मुली पाहून आमची लेक हरखून गेली. "अम्मी, बघा ना, इथल्या मुलींनी आपला पोषाख कसा जपलाय!"

बरोबर आमचा भाचा होता. नोकरीनिमित्त ओसाकात राहून त्याला बरीच वर्षे झाली आहेत, जपानी चांगली बोलतो. तो हसून म्हणाला, "जरा कान देऊन ऐक, त्या कोणत्या भाषेत बोलतायत ते." एक घोळका चिनी बोलत होता, दुसरा कोरियन. अंगावरचे किमोनो भाड्याचे होते. सकाळी घ्यायचे, संध्याकाळी परत करायचे. मग जपानी बाई कुठे होती? ती गल्लीच्या तोंडाशी, भाड्याच्या दुकानात होती. सत्तरीची एक आजी, अंगात राखाडी विजार आणि साधा शर्ट, गिऱ्हाइकांना किमोनो नेसवत होती.

लेकीने हट्ट धरला म्हणून आम्हीही आत गेलो. मुस्लिम पाहुण्या येतात म्हणून दुकानात किमोनोला जुळणारे डोक्याचे रुमालही ठेवले होते. आजींनी डावा पदर उजव्यावर घेतला आणि भाच्यामार्फत सांगितले, "उलटा घ्यायचा नाही. उजवा वर फक्त मय्यतीला घेतात." कमरेचा रुंद पट्टा, म्हणजे ओबी, बांधायला चांगली वीस मिनिटे लागली. बोलता बोलता आजी म्हणाल्या, की त्यांची आई रोज किमोनोतच असायची, बाह्या दोरीने बांधून स्वयंपाक करायची. स्वतः आजी मात्र ओबी बांधायला शिकल्या त्या वर्ग लावून, या नोकरीसाठी! लग्नात मिळालेले किमोनो घरी कपाटात आहेत, ते कपाट किती वर्षांत उघडलेले नाही.

आमचे घराणे विणकरांचे. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून जी मोमीन कुटुंबे मालेगावात येऊन वसली, त्यांपैकी आम्ही. आमचे दादा हातमागावर लुगडी विणायचे. आसपासच्या शेतकरी बायका ती नेसायच्या. पुढे लुगडे नेसणाऱ्या कमी झाल्या आणि घरातला हातमागही गेला. त्यामुळे आजींचे ते न उघडलेले कपाट आमच्या मनातून जाईना. कपाट बंद राहिले म्हणजे कुठेतरी एक मागही बंद पडला असणार.

'किमोनो' या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'अंगात घालायची वस्तू' एवढाच आहे. पश्चिमेचे कपडे आल्यावर दोन वेगळे शब्द रूढ झाले: आपले ते 'वाफुकु' आणि परदेशी ते 'योफुकु'. किमोनोची शिवण पाहण्यासारखी असते. सुमारे बारा मीटर लांब आणि हातभरापेक्षा कमी रुंद असा एक ताका घेतात. त्याचे सरळ तुकडे पाडतात. गोलाई कापून चिंध्या फेकणे नाही. कपडा मळला की पूर्वी शिवण उसवून तुकडे धूत आणि पुन्हा शिवत. आईचा किमोनो मुलीला होई, मुलीचा नातीला, आणि फार जुना झाला की त्याची फडकी होत. आपल्याकडची गोधडी ज्यांनी शिवली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मग असा पोषाख सुटला कसा? पश्चिमेचे अनुकरण, असे उत्तर आपण चटकन देऊन टाकतो. पण गोष्ट इतकी सोपी नाही. १८५३ मध्ये अमेरिकेच्या युद्धनौका जपानच्या किनाऱ्याला लागल्या. १८५८ च्या तहांनुसार परदेशी माणसावर जपानी न्यायालयात खटला चालवता येईना आणि आयात मालावरचा कर ठरवण्याची मोकळीकही जपानला उरली नाही. बरोबरीने वागवले जायचे असेल तर आधी बरोबरीचे दिसले पाहिजे, असे नव्या राज्यकर्त्यांनी ठरवले. दरबाराचा जुना पोषाख दुबळा दिसतो, तो बदला, असे १८७१ मध्ये सम्राटाच्या नावाने सांगण्यात आले. १८७२ मध्ये सरकारी समारंभांसाठी पाश्चात्य पोषाख ठरला. १८७३ मध्ये सम्राट मेइजी यांनी परदेशी पद्धतीच्या लष्करी गणवेशात छायाचित्र काढून घेतले. मग सैनिक, पोलीस, टपालवाला, रेल्वेचा नोकर असे करत विजार खाली उतरली. जिथे पगार होता तिथे विजार पोचली. शेतकऱ्याच्या घरात त्यानंतरही कितीतरी वर्षे सुती जपानी कपडेच होते.

बायकांचा हिशेब निराळा होता. १८७१ मध्ये पुरुषांना शेंडीसारखा बुचडा कापायची मोकळीक मिळाली. दुसऱ्याच वर्षी तोक्योत बायकांनी केस आखूड कापू नयेत असा हुकूम निघाला! उच्च घराण्यांतल्या काही स्त्रिया १८८३ मध्ये बांधलेल्या रोकुमेइकान या सरकारी इमारतीत परदेशी झगे घालून मेजवान्यांना जात. १८८७ मध्ये सम्राज्ञीनेही स्त्रियांना पाश्चात्य पोषाखाची शिफारस केली, पण कापड देशी वापरा असे बजावून. बाकीच्या स्त्रिया किमोनोतच राहिल्या. १९२५ मध्ये कोन वाजिरो या अभ्यासकाने तोक्योच्या गिन्झा रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजदाद केली. पुरुषांपैकी ६७ टक्के परदेशी पोषाखात निघाले आणि स्त्रियांपैकी फक्त एक टक्का. हुकूम निघून अर्धे शतक उलटले होते.

दुसऱ्या दिवशी जुमा होता. ओसाकाहून आगगाडीने कोबेला जाऊन आम्ही तिथल्या मशिदीत नमाज अदा केली. जपानमधली ही पहिली मशीद, १९३५ मध्ये बांधलेली. दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बफेक आणि १९९५ चा भूकंप या दोन्हींतून ती उभी राहिली. तिच्या बांधकामासाठी ज्यांनी देणग्या दिल्या त्यांत कोबेत राहणारे हिंदी व्यापारी होते. हिंदी माणसे इथे आली कशी, याचे उत्तर बंदरात आहे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने एका जपानी कंपनीच्या बोटी मुंबई आणि जपान यांच्यामध्ये सुरू झाल्या. त्यांतून आपल्याकडचा कापूस जाई, वऱ्हाडचा कापूसही त्यात असे. ओसाकाच्या गिरण्या त्याचे सूत काढत. म्हणजे जपानी कष्टकऱ्याच्या अंगावरच्या सुती कपड्यात आपल्या काळ्या मातीचा धागा होता.

परदेशी यंत्रे घ्यायला जपानकडे पैसा आला तो मुख्यतः रेशमातून. १८७२ मध्ये तोमिओका इथे फ्रेंच इंजिनिअरच्या देखरेखीखाली सरकारी रेशीम कारखाना निघाला. परदेशी माणसे तांबडी दारू पीत. ते मुलींचे रक्त पितात अशी अफवा उठली आणि सुरुवातीला कामाला मुली मिळेनात. तरी धंदा वाढला. १९०९ पर्यंत कच्च्या रेशमाच्या निर्यातीत जपान जगात पहिला झाला. स्वतःचे रेशीम अमेरिकेला विकायचे आणि त्या पैशातून नवा देश उभा करायचा, असा तो व्यवहार होता.

पुढे कापडाचे पारडे फिरले. ओसाकाचे स्वस्त कापड मुंबईच्या बाजारात येऊ लागले आणि १९३३ मध्ये इंग्रज सरकारने त्यावर ७५ टक्के जकात बसवली. दादा 'जपानी माल' हे शब्द नेहमी कडवट तोंडाने का म्हणायचे, ते आम्हाला कोबेच्या धक्क्यावर उभे राहिल्यावर समजले.

संध्याकाळी परतीच्या गाडीत सगळे पुरुष काळ्या-करड्या सुटात, उभ्या उभ्या झोपलेले. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अब्बा, पुरुषांनी पोषाख आधी बदलला आणि जपायचे काम बायकांवर टाकले. आपल्याकडे वेगळे काय आहे? मी ओढणी घेते ती अल्लाहसाठी, कोणाची परंपरा सांभाळायला नाही. पण घरातले सगळे मलाच सांगतात, आपला पोषाख सोडू नकोस. तुमची शेरवानी कुठे आहे?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. शेरवानी निकाहच्या दिवशी होती. भाड्याची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परत केली. त्यानंतर तीस वर्षे पँट-शर्टात नोकरी झाली आणि कोणी एका शब्दाने विचारले नाही.

किमोनो रोजच्या अंगावरून उतरला तो युद्धाच्या काळात. १९४० मध्ये पुरुषांसाठी 'राष्ट्रीय पोषाख' ठरला. स्त्रियांनी 'मोंपे' नावाची शेतातली ढगळ विजार घालावी, असा आग्रह झाला. १९४२ पासून कपडे कुपनावर मिळू लागले. युद्ध हरल्यावर शहरांत अन्न नव्हते. बायका पेटीतले किमोनो गाठोड्यात बांधून खेड्यात जात आणि शेतकऱ्याकडून तांदूळ घेऊन येत. या जगण्याला जपानी लोक 'ताकेनोको' म्हणत, म्हणजे बांबूचा कोंब. एकेक साल सोलायची तसा एकेक कपडा उतरवायचा आणि पोट भरायचे. त्यानंतर घरोघरी शिलाई मशीन आले. बायका परदेशी कपडे स्वतः शिवू लागल्या. कामावर जायला, सायकलवर बसायला, मूल उचलायला ते सोपे होते. या वेळी हुकूम कोणाचा नव्हता. किमोनो महाग होत गेला आणि लग्न, वयात येण्याचा समारंभ एवढ्यापुरता उरला.

पण पश्चिमेच्या पोषाखालाही जपानमध्ये स्थिर जागा मिळाली नाही. युनिक्लोचे पहिले दुकान १९८४ मध्ये हिरोशिमात निघाले. नव्वदीत मंदी आली, खिसे हलके झाले आणि १९९८ मध्ये १,९०० येनची उबदार जाकिटे हातोहात खपली. ती शिवली जात चीनमध्ये. आज जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या कपड्यांपैकी पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक नग बाहेरून येतात. याच कंपनीने २०१५ मध्ये हाना ताजिमा या ब्रिटिश-जपानी मुस्लिम डिझायनरकडून सैल कपडे आणि हिजाब तयार करून घेतले. ज्या देशाने पश्चिमेचा पोषाख हुकमाने घेतला, त्याच देशाची कंपनी आता मुस्लिम मुलींना हिजाब विकते. बाजाराला गिऱ्हाईक दिसले की तो कोणताही पोषाख शिवतो.

शेवटच्या दिवशी पुन्हा क्योतो गाठले, या वेळी विणकरांच्या निशिजिन भागासाठी. एका गल्लीत लांबून खटखट ऐकू आली आणि आमचे पाय आपोआप तिकडे वळले. तो आवाज आम्ही जन्मापासून ओळखतो. पंचाहत्तरी ओलांडलेले एक विणकर ओबी विणत होते. मागावर जकार्ड होते. १८७२ मध्ये क्योतोने तिघांना फ्रान्समधील ल्यों शहरी पाठवून हे तंत्र आणवले, तेव्हाही कापड वाचवण्यासाठीच परदेशी यंत्र घेतले गेले. आम्ही मालेगावचे विणकर म्हटल्यावर त्यांनी माग थांबवला आणि आमच्या हातात धोटा दिला. मुलगा काय करतो, असे विचारले. "कंपनीत आहे. सूट घालतो," ते म्हणाले. "आधी गिऱ्हाईक गेले, मग मुलगा गेला. दोघांचाही राग येत नाही."

योगायोगाने त्या दिवशी एकवीस तारीख होती. दर महिन्याच्या एकवीस तारखेला तोजी मंदिराच्या आवारात जुना बाजार भरतो. तिथे जुने किमोनो ढिगाने पडले होते. लेकीने गडद निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा एक सुती किमोनो हजार येनला घेतला. कोणाच्या तरी बंद कपाटातून तो आला असणार.

मालेगावला परत आल्यावर तो आमच्या मोठ्या चाचांना दाखवला. वय नव्वद, नजर मंदावलेली. जवळच्या यंत्रमागांच्या आवाजामुळे त्यांच्याशी ओरडूनच बोलावे लागते. त्यांनी कापडाची किनार बोटांनी चाचपली, उलट बाजू पाहिली आणि विचारले, "विणणाऱ्याचं पुढं काय झालं?" निशिजिनच्या त्या म्हाताऱ्यांची हकिगत आम्ही सांगितली. चाचांनी मान हलवली. मग किमोनो लेकीच्या हातात देत म्हणाले, "पेटीत ठेवू नकोस, बेटा. पेटीत कपडा मरतो. उसवून कुर्ता शिव."

लेकीने तीन संध्याकाळी बसून टाके उसवले. सगळे तुकडे सरळ निघाले, एकही वाया गेला नाही. ईदला तिने तो कुर्ता घातला. आणि अब्बांसाठी एक शेरवानी शिवायला टाकली, विकत, भाड्याची नाही.