बत्तिसावे अक्षर

२१ हजार ३१७ रुपयांची थकबाकी मी एका विधवेच्या नावावर चढवली होती. तिने ते पैसे कधी घेतले नव्हते, संस्थेने ते कधी दिले नव्हते आणि मीही तो आकडा कोणत्या खतावणीत लिहिला नव्हता. तरीही १९९३ सालच्या मार्चअखेरच्या यादीत तो छापून आला. यादीबरहुकूम दोन नोटिसा गेल्या, एक तिला आणि एक जामीनदाराला. जामीनदार तिचा दीर होता.

त्या काळी मी वसईहून मुंबईला नोकरीसाठी लोकलने जा-ये करीत असे आणि रविवारी दुपारी गावातील पतसंस्थेचे हिशेब संगणकावर आणण्याचे काम हौसेने करीत असे. प्रोग्राम सी भाषेतला, टर्बो सीवर लिहिलेला. तो चालू लागला तेव्हा मला झालेला आनंद आज आठवला की संकोच वाटतो.

मावशी थेट माझ्या घरी आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्या पावत्या नीट घडी करून ठेवलेल्या होत्या. विहिरीवरच्या पंपासाठी घेतलेले कर्ज त्यांनी केळीचे घड विकून फेडले होते. शेवटच्या हप्त्याची पावती त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “बाळा, हे पैसे मी कधी घेतले तेवढे मला सांग. भावोजी दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत.” मी त्यांना बसायला सांगितले, पण त्या बसल्या नाहीत.

दोष शोधायला मला तीन रात्री लागल्या. तो समजण्यासाठी सी भाषेची एक खोड सांगायला हवी. तांत्रिक तपशिलाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. १९७०च्या दशकाच्या आरंभी डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली ती लहान यंत्रांसाठी, आणि फार काटकसरीने. शब्दाची लांबी ती कोठेही नोंदवून ठेवत नाही. अक्षरे ओळीने मांडायची आणि शेवटी शून्याचा एक बाइट ठेवायचा, एवढीच शब्दाची खूण. नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव एकत्र जुळवण्यासाठी मी ‘एसप्रिंटएफ’ हे फलन वापरले होते. दिलेल्या साच्यात ते मजकूर बसवते आणि सांगितलेल्या जागी लिहून टाकते. ती जागा किती मोठी आहे हे त्याला कोणी सांगत नाही आणि तेही विचारीत नाही. जागा संपली तरी त्याचे लिहिणे थांबत नाही.

मी नावासाठी ३० बाइट राखले होते आणि त्यांना लागूनच थकबाकीचे ४ बाइट. नावे इंग्रजी मोठ्या अक्षरांत भरली जात. मावशींचे पूर्ण नाव, मधल्या मोकळ्या जागा धरून, ३२ अक्षरांचे. आडनाव सांगत नाही. पण गोन्साल्विस, रॉड्रिग्ज, लोपीस अशी, इंग्रजीत ‘ई’ आणि ‘एस’ या अक्षरांनी संपणारी आडनावे आमच्याकडे किती आहेत हे वाचक जाणतातच. तीस अक्षरे आपल्या जागेत बसली. एकतिसावा ‘ई’ आणि बत्तिसावा ‘एस’ हे थकबाकीच्या घरात शिरले. यंत्राच्या लेखी ‘ई’ म्हणजे ६९ आणि ‘एस’ म्हणजे ८३. पहिला बाइट एककाचा, दुसरा २५६ पटीचा. ८३ गुणिले २५६ म्हणजे २१,२४८; त्यात ६९ मिळवले की २१,३१७. मावशींचे कर्ज म्हणजे त्यांच्या आडनावाची शेवटची दोन अक्षरे होती.

हे गणित जुळले त्या रात्री मला झोप आली नाही. मग ज्यांची तक्रार आलीच नव्हती त्यांची आठवण झाली. ज्यांचे नाव नेमके ३० अक्षरांचे होते त्यांच्या बाबतीत फक्त शेवटचे शून्य पुढच्या घरात पडले होते, आणि त्यामुळे २५६च्या आतली रक्कम पुसली गेली होती. २०० रुपये देणे असलेल्याचे देणे शून्य झाले होते, ३०० असलेल्याचे २५६. असे चारजण निघाले. त्यांतला एकही विचारायला आला नव्हता, ही गोष्ट मी तेव्हा संस्थेत बोललो नाही.

दुरुस्ती मी घाईने केली. टर्बो सीमध्ये जागेची मर्यादा घेणारे फलन नव्हते. परंतु साच्यातच टक्क्याचे चिन्ह, टिंब आणि २९ असे लिहिले की तेवढीच अक्षरे उमटतात. तीसवा बाइट शून्यासाठी. मोठ्या तात्पुरत्या जागेत नाव जुळवून ते असे छाटून घेतले. थकबाकी सुरक्षित झाली. मी मावशींकडे आणि त्यांच्या दिरांकडे जाऊन क्षमा मागितली, नवा दाखला दिला. पंधरा दिवसांनी मावशी तो दाखला घेऊन पुन्हा दारात. आडनावाचे शेवटचे तीन वर्ण गळाले होते, आणि दुसऱ्या एका कचेरीत नाव जुळत नाही म्हणून कागद परत केला होता. “पहिल्यांदा तू मला कर्जदार केलेस,” त्या म्हणाल्या, “आता ही बाई मी नव्हेच म्हणतात.”

पुढे १९९९ च्या सी प्रमाणकात ‘एसएनप्रिंटएफ’ आले. त्याला जागेचे माप द्यावे लागते आणि त्या मापाबाहेर ते एक बाइटही लिहीत नाही. अनेकजण एवढ्यावरच समाधान मानतात. मला त्याचा दुसरा गुण अधिक मोलाचा वाटतो: पूर्ण मजकुराला किती अक्षरे लागली असती तो आकडा ते परत देते. तो आकडा दिलेल्या मापाएवढा वा मोठा असेल तर काहीतरी गळाले आहे. तो आकडा न पाहणे म्हणजे मी मावशींना दिलेला दुसरा दाखला. आधी माप शून्य देऊन नुसती लांबी विचारावी, तेवढी जागा मागून घ्यावी आणि मग लिहावे, अशीही सोय त्यात आहे.

अर्थात सर्व यंत्रांवर हे एकसारखे नव्हते. लिनक्सवरील ग्रंथालयाच्या आरंभीच्या आवृत्त्या जागा अपुरी पडली की केवळ उणे एक देत. मायक्रोसॉफ्टचे अधोरेषेने सुरू होणारे त्याच नावाचे फलन तर जागा भरल्यावर शेवटचे शून्यच ठेवीत नसे. प्रमाणकानुसार वागणारे फलन त्यांच्याकडे २०१५ च्या आवृत्तीत आले. एका यंत्रावर निर्धास्त असलेला प्रोग्राम दुसऱ्यावर नेला की पुन्हा तीच भीती.

माझ्या चुकीने एका घरात अबोला आला. याच जातीच्या चुकीचा जाणूनबुजून उपयोग करून नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने हजारो संगणक ठप्प केले होते. तिथे ‘गेट्स’ हे बहीणफलन होते, जागा न विचारता वाचणारे. २०११ च्या प्रमाणकातून ते काढून टाकले गेले. ‘एसप्रिंटएफ’ अजून आहे.

आणखी एक चूक माझ्या जुन्या प्रोग्राममध्ये कित्येक वर्षे झोपून होती. कारकुनाने लिहिलेला शेरा मी साचा म्हणून सरळ छापत होतो. कोणी व्याजात ५ टक्के सूट लिहिताना टक्क्याचे चिन्ह वापरले असते, तर यंत्राने ते आज्ञा समजून भलत्याच जागेतला मजकूर उचलला असता. साचा प्रोग्राम लिहिणाऱ्याचा असावा, माणसांचे शब्द त्यात केवळ भरावेत.

आता याद्या देवनागरीत निघतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मात्रेला आणि हलन्तालाही ३ बाइट लागतात, आणि सीची ही फलने अक्षरे नव्हे, बाइट मोजतात. ‘गोन्साल्विस’ एवढ्या एका आडनावालाच ३३ बाइट लागतात. जुन्या २९ बाइटांत ९ चिन्हे बसतील आणि दहाव्याचा तुकडा चौकोन होऊन छापला जाईल. रकान्यांची रुंदीही बाइटांनीच मोजली जात असल्याने आकड्यांची सरळ ओळ वाकडी होते.

गेल्या वर्षी संस्थेसाठी नवा प्रोग्राम लिहिला. नाव मावत नसेल तर तो छाटत नाही. थांबतो आणि ‘नाव पूर्ण बसत नाही’ असे सांगतो. कारकुनांना त्याचा वैताग येतो. मावशी आता नाहीत. प्रत्येक फेरबदलानंतर चाचणीसाठी पहिले नाव मी त्यांचेच भरतो, तीनही शब्दांचे. ते शेवटच्या अक्षरापर्यंत उमटले आणि पुढे शून्य आले, की मग दुसऱ्या नावाकडे वळतो.