साबणाची डबी आणि आजीची मूठ

बालमित्रांनो, एक गंमत करा. हा अंक जरा मांडीवर ठेवा आणि उजव्या हाताची मूठ घट्ट मिटा. मिटली? आता उघडा. झालं! किती वेळ लागला? चुटकी वाजवण्याइतकासुद्धा नाही. माझ्या आजीला मात्र हे एवढंसं काम करायला पहिल्या दिवशी १४ सेकंद लागले होते. आणि तेवढे १४ सेकंद नीट मोजायला आम्हा चार जणांना जवळजवळ आठ महिने लागले!

आमचं घर सांगलीजवळच्या एका खेड्यात आहे. मला रोज सकाळी जाग यायची ती गजराने नव्हे, आजीच्या भाकरीच्या आवाजाने. पट् पट् पट्. हा आवाज थांबला, की समजायचं भाकरी तव्यावर गेली.

दोन वर्षांपूर्वीची, फेब्रुवारी महिन्यातली सकाळ. आवाज थांबला तो पुन्हा सुरूच होईना. मग भाकरी करपल्याचा वास आला. मी धावत स्वयंपाकघरात गेले, तर आजी भिंतीला टेकून बसलेली. तोंड एका बाजूला जरासं ओढल्यासारखं, बोलणं जड. मला वाटलं, चक्कर आली असेल. मी साखरपाणी करून पाजलं, अंगावर गोधडी घातली आणि म्हटलं, "पड जरा, बरं वाटेल." आईबाबा शेतावर गेले होते. माझी डिप्लोमाची प्रॅक्टिकल परीक्षा होती. मी बस पकडली आणि कॉलेजला निघून गेले.

दुपारी आई घरी आली, तेव्हा आजीचा उजवा हात उचलत नव्हता.

तो पक्षाघात होता. मेंदूच्या एका भागाला रक्त पोचवणाऱ्या नळीत गुठळी अडकली होती. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूवर राज्य करते, म्हणून डावीकडे बिघाड झाला की उजवा हात नि पाय लुळा पडतो. गुठळी विरघळवणारं औषध असतं, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा सहा तास उलटून गेले होते. आणि ते साखरपाणी! पक्षाघातात गिळण्याची ताकदही जाऊ शकते, पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं. म्हणजे मी केलेलं सगळंच चुकलं होतं. तुम्ही माझ्यासारखं करू नका. कुणाचं तोंड अचानक वाकडं दिसलं, एक हात वर राहीना, बोलणं अडखळलं, तर काही पाजत बसू नका, लगेच १०८ क्रमांकावर फोन करा आणि पहिलं लक्षण किती वाजता दिसलं ते लक्षात ठेवा. डॉक्टर तेच पहिल्यांदा विचारतात.

पुढच्या जुलैत आमचं शेवटचं वर्ष सुरू झालं. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला शेवटी एक प्रोजेक्ट करावा लागतो. आम्ही दोघी मुली आणि दोघं मुलगे, असा आमचा चौघांचा गट. बाकीचे गट पाण्याची टाकी भरली की मोटार बंद करणारं यंत्र, आपोआप लागणारे दिवे असं काही काही करत होते. मी म्हटलं, आपण हाताच्या व्यायामाचं यंत्र करू. तिघंही लगेच हो म्हणाले. खरं सांगू का? ते यंत्र आजीसाठी कमी आणि माझ्या मनाच्या टोचणीसाठी जास्त होतं. पण हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

आम्ही काय केलं, तर पिस्तुलाच्या मुठीसारखा एक दांडा थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतला. आत एक पातळ चकती बसवली. या चकतीवर दाब पडला, की विजेला होणारा तिचा विरोध कमी होतो. तो फरक वाचायला आर्डुइनो नावाचं छोटं सर्किट. हे सर्किट २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावातल्या एका डिझाइनच्या संस्थेत जन्माला आलं, आणि त्याचं नाव चक्क तिथल्या एका बारच्या नावावरून ठेवलंय! शून्य ते पाच व्होल्टपर्यंतची वीज ते ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचतं. जितकं जोरात दाबाल तितका आकडा मोठा. आम्ही पाच दिवे लावले. पाचही पेटले तर शाबास. आकडा कमी भरला तर बझर वाजायचा, ब्यँऽऽऽ असा. वर्गात सगळ्यांनी दाबून पाहिलं, पैजा लागल्या, सरांनीही दाबून पाहिलं. आम्ही खूश!

दिवाळीच्या सुट्टीत मी ते घरी नेलं. आजीची बोटं तळहातात घट्ट वळलेली असत. एकेक बोट सोडवून, कसाबसा तो दांडा मी तिच्या हातात बसवला. ती दाबायची. ब्यँऽऽऽ. पुन्हा दाबायची. ब्यँऽऽऽ. आठ-दहा वेळा असं झाल्यावर तिने डाव्या हाताने दांडा काढला आणि पदराखाली झाकून ठेवला. तोवर तिचं बोलणं बरंच सुधारलं होतं. ती म्हणाली, "मी चौथीपतुर शिकले. एका वर्षी नापास झाले नाही. आता हे मला नापास करतंय की गं!"

मी काहीच बोलले नाही. काय बोलणार?

आजी ज्या दवाखान्यात व्यायामाला जायची तिथं ऑक्युपेशनल थेरपीच्या एक मॅडम होत्या. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय? आजारपणानंतर माणसाला त्याची रोजची कामं, म्हणजे जेवणं, कपडे घालणं, लिहिणं, पुन्हा करता यावीत म्हणून दिलेले उपचार. भारतात ही विद्या शिकवणारी पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी सुरू केली. त्या मूळच्या अमेरिकेतल्या, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. निंबकरांशी लग्न झालं आणि त्या इथल्याच झाल्या.

तर, आम्ही चौघं यंत्र घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे दाबायचं यंत्र आहे ना? अरे, आजींची मूठ तर मिटलेलीच आहे. मला ती उघडायला हवीय!"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आठवडेच्या आठवडे आम्ही चकतीचे आकडे तपासत होतो, आणि एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती. पक्षाघातानंतर पुष्कळ जणांचे स्नायू ताठर होतात. मूठ मिटायला शिकवावं लागत नाही, ती आपोआप आवळते.  अवघड असतं ते सोडणं.

मॅडमनी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. मेंदूचा जो भाग मेला तो पुन्हा जिवंत होत नाही, पण शेजारचे भाग त्याचं थोडंफार काम शिकून घेऊ शकतात. २०१९च्या महापुरात आमच्याकडचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा लोक लांबच्या वाटेने जाऊ लागले. पहिल्यांदा चुकले, मग वाट पायाखालची झाली. तसंच हे. पण वाट पडायला पुन्हा पुन्हा चालावं लागतं. रोज, शेकडो वेळा.

"आणि आजींना काय करायचंय, ते विचारलंत का?" मॅडम म्हणाल्या.

नव्हतं विचारलं. घरी येऊन विचारलं. मला वाटलं, भाकरी थापायचीय म्हणेल. आजी जरा विचार करून म्हणाली, "परात धरता आली तर बरं. डाव्या हातानं मळीन मी पीठ. पण परात फिरतीय की जाग्यावर." आता बघा हं, परातीचा काठ धरायचा तर आधी बोटं उघडावी लागतात! मॅडम म्हणत होत्या तेच.

मग आम्ही तो छापलेला दांडा बाजूला ठेवला. जुन्या रिक्षाच्या पों-पों भोंग्याचा रबरी फुगा आणला. मऊ, हातात बसणारा. त्याला बारीक नळी आणि नळीच्या टोकाला हवेचा दाब मोजणारा नखाएवढा सेन्सर. फुगा दाबला की आतली हवा दबते, सोडला की दाब उतरतो. सर्किट आणि बॅटऱ्या ठेवल्या साबणाच्या डबीत. प्रवासात नेतो ना, तसल्या. एकच हिरवा दिवा. थोडंसं दाबलं तरी चालेल, किती दाबलं ते यंत्र विचारतच नाही. मूठ सुटून दाब पूर्ण उतरला की दिवा लागतो, आणि सोडायला किती सेकंद लागले ते छोट्या पडद्यावर दिसतं. बझर काढून टाकला. आजी म्हणाली, "लई ब्येस. गप बसतंय."

पहिल्या दिवशी १४ सेकंद. दुसऱ्या दिवशी १३. चौथ्या दिवशी एकदम ६! मी टाळ्याच वाजवल्या. आजी मात्र हाताकडे बघत बसली होती. म्हणाली, "मूठ सुटली नाही अजून. हे पेटलं कसं?"

खरंच की! बोटं फुग्यावर तशीच आवळलेली, आणि दिवा हिरवागार. माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात आम्ही फुगा पंक्चरवाल्यासारखा बादलीत बुडवला, तर नळीच्या सांध्यातून बारीक बुडबुडे. हवा गळत होती! दाब उतरत होता तो गळतीने, आणि यंत्राला वाटत होतं आजीने मूठ सोडली. सायकलच्या दुकानातून पंक्चरचं सोल्युशन आणलं, सांधा बंद केला, वर तारेचा विळखा दिला. आणि तेव्हापासून नियमच केला, व्यायामाआधी फुगा दोन पाटांमध्ये दाबून ठेवायचा, आकडा अर्धा मिनिट हलला नाही तरच यंत्र आजीच्या हातात द्यायचं. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं, की लागला असता खोटा दिवा तर काय बिघडलं, आजीला हुरूप तर आला असता! यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी आजीचीच बाजू घेतली.

आजीची वही मी ठेवत होते. १४, १३, १४, १२. थंडी पडली की १६. तिचं नि आईचं वाजलं, त्या दिवशी १७. ताठरपणा थंडीने, दमण्याने, रागानेही वाढतो, असं मॅडमनी सांगितल्यावर आई बरेच दिवस जपून बोलायची! मार्चअखेर आकडा ९वर आला. पुढे मात्र तो फारसा हलला नाही.

त्याच दिवसांत एका दुपारी, फुगा हातात देताना, मी आजीला त्या सकाळचं सगळं सांगितलं. साखरपाणी, गोधडी, बस. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय की. मी जागीच हुते." आणि हात पुढे केला, "दे फुगा."

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी डबी हातात घेतली आणि विचारलं, "बॉक्स चांगला का नाही केला?" त्यात गुण कापले गेले. साबणाची डबी मात्र अजून मॅडमच्या टेबलावर आहे. आम्ही तशा आणखी दोन करून दिल्या, आणि प्रत्येकीसोबत पाट दाबून तपासायची सूचना मोठ्या अक्षरांत लिहून दिली.

सध्या आमच्याकडे सकाळी अशी वाटणी आहे. आजी उजव्या हाताची बोटं सावकाश उघडून परातीचा काठ धरते, डाव्या हाताने पीठ मळते. थापते मी. माझ्या भाकरीला अजून चिरा पडतात, आणि आजी त्या मोजते.