तासाला तीन

लंडन ते बर्मिंगहॅम, ग्रँड युनियन कालवा. २२० किलोमीटर, १६६ लॉक. आम्ही चार मित्र आणि जेमतेम सात फूट रुंदीची नॅरोबोट. अंकुशनगरला घरून काम करता करता मी सगळं गणित मांडलंय. एक लॉक म्हणजे एक मैल धरायचा आणि तासाला असे तीन. १३७ मैल अधिक १६६ लॉक, म्हणजे शंभरेक तास. रोज सात तास चाललो तर पंधरा दिवस.

लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला हौद. पाणी भरलं की बोट वर चढते, सोडलं की खाली उतरते. दर वेळी लाखाहून जास्त लिटर पाणी खाली जातं.

इथं बाबांनी विचारलं, "मग त्यानं भिजतं काय?"

आमच्या अंबड तालुक्यातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. लांबी २०८ किलोमीटर, जवळपास तेवढीच. पण त्याला पाणी पाळीनं येतं. चारीला किती सुटणार, टेलपर्यंत पोचणार का, यावर आमचा ऊस ठरतो. माझी इंजिनिअरिंगची फी त्याच उसातून गेली, बाबांनी चारीवर काढलेल्या रात्रींतून.

ट्रिप रद्द नाही. फक्त बोट जुलैत धरलीय. उन्हाळी पाळीत चारीवर बाबांना एकटं सोडून मला तिकडं तरंगायचं नाही.